त्वरण समजायचं असेल तर आधी छर्रा सोडा

डबल बेल वाजते, एसटी हलते आणि उभा असलेला प्रत्येक जण मागे झुकतो. मग गाडी हमरस्त्याला लागते, काटा ताशी साठवर स्थिर होतो आणि त्याच गर्दीत दांडी धरून उभ्या माणसालाही डुलकी लागते. पुढे एखादी म्हैस आडवी येते, ड्रायव्हर ब्रेक दाबतो, आणि सगळे पुढच्या सीटवर. या तिन्हींत सर्वात जास्त वेग मधल्या प्रसंगात होता, पण अंगाला तो कळलासुद्धा नाही. कळला तो वेगातला बदल. किती वेळात किती बदल झाला, हे सांगणारी राशी म्हणजे त्वरण.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवते. पहिली काही वर्षं नववीचा गतीचा धडा मी सूत्रापासून सुरू करायची आणि पोरं ते सूत्र घडाघडा म्हणायची. एकदा तोंडी परीक्षेत वर्गातल्या सर्वात हुशार मुलीला मी विचारलं, "गाडी सरळ रस्त्याने ताशी साठच्या स्थिर वेगाने चाललीय. तिचं त्वरण किती?" ती म्हणाली, "साठ." चूक तिची नव्हती. तिने त्वरण कधी पाहिलंच नव्हतं, मी तिला फक्त फळ्यावरची अक्षरं दाखवली होती. तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला: आधी मोजायचं, मग आलेख काढायचा, सूत्र सगळ्यात शेवटी. घरी नववीचं मूल असेल, किंवा हा भाग तुमचाच कच्चा राहिला असेल, तर एका रविवारी दुपारी हे सगळं करून होतं.

सामान साधं आहे. हार्डवेअरच्या दुकानातून पडद्याचं आठ फुटी ॲल्युमिनियम चॅनल आणा, म्हणजे साधारण २४० सेंटिमीटरची सरळ पन्हळ. गॅरेजमधून मोठ्या बेअरिंगमधला एक छर्रा मागून घ्या. काचेची गोटी चालते, पण बहुतेक गोट्या पुरत्या गोल नसतात आणि मधेच दिशा बदलतात. शिंप्याची टेप, खडू, मोबाइल आणि आलेख कागद. बस.

चॅनल फरशीवर ठेवा आणि एक टोक फक्त पाच सेंटिमीटर उचला, खाली दोन-तीन जाड वह्या पुरतात. पोरांना वाटतं जास्त उतार दिला तर जास्त मजा येईल. तसं करू नका. उतार जास्त झाला की छर्रा दोन सेकंदांत खाली पोचतो आणि मोजायला काही उरत नाही. चॅनलच्या कडेने टेप चिकटवा, दर दहा सेंटिमीटरला खडूने ठळक खूण करा. मोबाइल अडीच-तीन मीटरवर असा टेकवा की पूर्ण चॅनल दिसेल. व्हिडिओची सेटिंग सेकंदाला ३० फ्रेमची ठेवा. मग छर्रा वरच्या टोकाला बोटाने अडवून धरा आणि बोट नुसतं उचला. ढकलायचं नाही. मी हे दहा वेळा सांगते आणि तरी पहिला छर्रा कोणीतरी ढकलतंच.

आता व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढे नेणाऱ्या एखाद्या मोफत ॲपमध्ये तो उघडा. छर्रा सुटला ती फ्रेम शून्य. तिथून तिसाव्या फ्रेमला एक सेकंद, साठाव्याला दोन. प्रत्येक वेळी छर्रा टेपवर कुठे आहे ते लिहा. मोबाइल नसला तरी अडत नाही. एकाने सेकंदाच्या ठेक्यात टाळ्या वाजवायच्या, सहा मुलांनी चॅनलच्या कडेला बसायचं, पहिल्या टाळीला पहिल्याने खूण करायची, दुसरीला दुसऱ्याने. आकडे थोडे मागेपुढे होतात, पण चित्र तेच येतं.

यंदाच्या आमच्या वर्गाचे आकडे असे आले. सेकंद १, २, ३, ४, ५, ६ आणि त्या त्या वेळचं अंतर ५, २१, ४४, ८१, १२४, १८१ सेंटिमीटर.

लगेच आलेखाकडे धावू नका, आधी वजाबाकी करा. पहिल्या सेकंदात छर्रा ५ सेंमी गेला. दुसऱ्या सेकंदात २१ वजा ५, म्हणजे १६. पुढे २३, ३७, ४३, ५७. पाचाने भागून पाहा: साधारण १, ३, ५, ७, ९, ११. विषम संख्या! इथे वर्ग काही क्षण गप्प होतो, आणि ती शांतता मला फार आवडते. गॅलिलिओने हीच गोष्ट लाकडी तुळईत कोरलेल्या पन्हळीवरून काशाचा गोळा सोडून शोधली आणि १६३८ साली लायडनला छापलेल्या पुस्तकात मांडली. त्याच्याकडे सेकंदकाटा नव्हता. मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पाणी पडू द्यायचं, गोळा पोचेपर्यंत साठलेलं पाणी तराजूत तोलायचं, आणि ते वजन म्हणजे वेळ. हे मी मुलांना नक्की सांगते, कारण त्यांना वाटतं की विज्ञानाला महागडी यंत्रं लागतात.

आता पहिला आलेख. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर सुरुवातीपासूनचं अंतर. प्रमाण असं निवडा की आलेखाने कागदाचा बहुतेक भाग व्यापावा. आडवं दोन सेंमी म्हणजे एक सेकंद आणि उभं एक सेंमी म्हणजे दहा सेंटिमीटर, हे आमच्या आकड्यांना बरोबर बसतं. बिंदू बारीक फुलीने मांडा. आणि पट्टी बाजूला ठेवा. बिंदूला बिंदू जोडून करवतीचे दाते काढणं ही सर्रास होणारी चूक आहे. छर्रा दर सेकंदाला झटका खात गेला नव्हता, त्यामुळे आलेखालाही कोपरे येणार नाहीत. मनगट सैल सोडून एक सलग वक्ररेषा काढा. काही फुल्या तिच्या थोड्या वर राहतील, काही खाली. राहू द्या. मोजमापात तेवढं इकडेतिकडे होणारच, आणि ते लपवण्यासाठी आकडे बदलू नका. माझ्या वर्गात नीटनेटक्या खोट्या आकड्यांना गुण नाहीत.

या रेषेला काय विचारायचं? एकच प्रश्न: इथे चढ किती, म्हणजे एका सेकंदात रेषा किती वर जाते? अंतर-काळ आलेखाचा चढ म्हणजे वेग. आडवी रेषा म्हणजे वस्तू थांबलेली, सरळ तिरकी रेषा म्हणजे एकसमान वेग, आणि आपल्यासारखी वर वर ताठ होत जाणारी वक्ररेषा म्हणजे वाढता वेग. चौथ्या सेकंदाला नेमका किती वेग होता हे हवं असेल, तर त्या बिंदूपाशी वक्ररेषेला नुसती टेकेल अशी पट्टी ठेवा, सरळ रेघ काढा आणि तिचा चढ मोजा. आमचा ४० सेंमी प्रति सेकंदाच्या आसपास आला. एका क्षणाच्या वेगाची ही कल्पना मुलांना गूढ वाटते. मी त्यांना सांगते की भास्कराचार्यांनी ११५० सालीच ग्रहांच्या चालीबद्दल लिहिताना 'तात्कालिक गती' हा शब्द वापरला होता. ग्रहाची चाल दिवसभर सारखी नसते, म्हणून दिवसाची सरासरी त्यांना पुरेना.

या टप्प्यावर एक घोटाळा हमखास होतो. एका मुलाला मी पुण्याहून साताऱ्याला येणाऱ्या एसटीचा खंबाटकी घाटातला अंतर-काळ आलेख काढायला सांगितला. त्याने डोंगर काढला: रेषा वर चढली, माथ्यावर पोचली, खाली उतरली. चित्र सुंदर होतं, पण ते घाटाचं होतं. आलेख हा रस्त्याचा नकाशा नाही. घाट चढताना गाडी हळू असते, म्हणून रेषेचा चढ कमी. उतरताना जरा जलद, म्हणून चढ जास्त, पण रेषा जाते वरच, कारण पुणे लांबच पडत चाललंय. रेषा खाली आली तर अर्थ असा होतो की एसटी उलट फिरून पुण्याकडे निघाली. हे कळल्यावर त्याने नवीन आलेख काढला, त्यात खंबाटकीच्या आधी चहाला थांबल्याची दहा मिनिटांची आडवी रेषासुद्धा होती.

दुसरा आलेख वेगाचा, आणि खरा खजिना यात आहे. प्रत्येक सेकंदातलं अंतर आपण काढलंच आहे: ५, १६, २३, ३७, ४३, ५७. हेच त्या त्या सेकंदातले सरासरी वेग, सेंटिमीटर प्रति सेकंदात. पण ते मांडायचे कुठे? पहिल्या सेकंदाची सरासरी ५ आहे, म्हणजे सेकंद संपताना वेग ५ नव्हता, त्याहून जास्त होता. सुरुवातीला तर तो शून्य होता. वेग सारखा वाढत असेल तर सरासरी बरोबर मध्यावर गाठली जाते. म्हणून ५ हा आकडा अर्ध्या सेकंदावर मांडा, १६ दीड सेकंदावर, २३ अडीचवर, आणि शेवटचा ५७ साडेपाचवर. ही छोटीशी गोष्ट पाळली की सगळं जुळतं. नाही पाळली तर रेषा शून्यातून जात नाही आणि पोरं हिरमुसतात.

आता पट्टी घ्या, पारदर्शक असेल तर उत्तम. फुल्यांच्या मधून अशी सरळ रेषा काढा की साधारण सारख्याच फुल्या दोन्हीकडे राहतील. ती शून्यापाशी सुरू होते आणि सहाव्या सेकंदाला साधारण साठपर्यंत जाते. चढ मोजा: साठ भागिले सहा, म्हणजे दहा. दर सेकंदाला छर्र्याचा वेग दहा सेंटिमीटर प्रति सेकंदाने वाढत होता. वेग-काळ आलेखाचा चढ म्हणजे त्वरण.

'सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग' या एककाने मुलं घाबरतात. सेकंदाचा वर्ग म्हणजे काय, चौकोनी सेकंद? नाही. 'प्रति सेकंद' दोनदा आलंय, एवढंच. एकदा वेगात आणि एकदा त्या वेगाच्या बदलात. मी पहिले दोन तास हे एकक वापरतच नाही. 'वेग दर सेकंदाला इतका वाढला' असं पूर्ण वाक्य लिहायला लावते.

त्यासाठी स्कूटर कामाला येते. शाळेसमोरचा रस्ता रविवारी मोकळा असतो. हेल्मेट घालून मी चालवते, मागे बसलेल्या सहकारी बाई माझ्या खांद्यावरून काटा वाचून मोबाइलवर बोलत जातात, म्हणजे आवाजाबरोबर वेळही नोंदली जाते. चालवणाऱ्याने स्वतः नोंदी घ्यायच्या नाहीत, आणि मुलांना यात घ्यायचं नाही. फाटकापासून सुटल्यावर दर दोन सेकंदांनी काटा ०, १०, १८, २८, ३६ असा गेला. म्हणजे आठ सेकंदांत ताशी ३६ किलोमीटर. दर सेकंदाला वेग ताशी साडेचार किलोमीटरने वाढला. हे वाक्य कोणालाही कळतं, आणि हेच त्वरण आहे. पुढे वीस सेकंद मी काटा ३६ वर धरला, मग ब्रेक लावून पाच सेकंदांत पाटाच्या पुलाशी थांबले. थांबताना वेग दर सेकंदाला ताशी ७.२ किलोमीटरने कमी झाला.

आता एककं बदला. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की मीटर प्रति सेकंद मिळतात. ३६ चे झाले १०. सुटतानाचं त्वरण १० भागिले ८, म्हणजे १.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग. थांबतानाचं १० भागिले ५, म्हणजे २, आणि वेग घटतोय म्हणून उणे २. तुलनेला सांगते, झाडावरून सुटलेल्या आंब्याचं त्वरण ९.८ आहे. त्याचा वेग दर सेकंदाला ताशी पस्तीस किलोमीटरने वाढतो. आठ सेकंदांत माझ्या स्कूटरने जो वेग गाठला, तो आंबा एका सेकंदात गाठतो, आणि तेवढ्यात जेमतेम पाच मीटर खाली आलेला असतो. पाडाचा आंबा अंगणात का फुटतो ते आता सांगावं लागत नाही.

स्कूटरचा वेग-काळ आलेख काढा. आठ सेकंद चढती रेषा, वीस सेकंद आडवी, पाच सेकंद उतरती. आडव्या भागाकडे बोट दाखवून विचारा, "इथे स्कूटर थांबलीय का?" निम्मा वर्ग 'हो' म्हणतो, कारण अंतराच्या आलेखात आडवी रेषा म्हणजे थांबणं होतं. म्हणून माझा नियमच आहे: रेषेकडे बघण्याआधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं. अंतर की वेग? मग पुढचं बोलायचं.

या आलेखाला दुसरा प्रश्नही विचारता येतो: रेषेखाली क्षेत्रफळ किती? आडव्या भागाखाली आयत आहे, उंची १० मीटर प्रति सेकंद, रुंदी २० सेकंद. गुणाकार २०० मीटर. वेग गुणिले काळ, म्हणजे अंतर. चढत्या भागाखाली त्रिकोण, ८ गुणिले १० चं निम्मं, ४० मीटर. उतरत्याखाली २५. एकूण २६५ मीटर. चौदाव्या शतकात पॅरिसला शिकवणाऱ्या निकोल ओरेमने हेच केलं होतं. काळ आडवा मांडला, वेग उभा, आणि दाखवलं की सारख्या गतीने वाढणाऱ्या वेगाचा त्रिकोण निम्म्या उंचीच्या आयताएवढाच असतो. गॅलिलिओच्या जन्माच्याही दोनशे वर्षं आधी.

पण पोरांनी क्षेत्रफळावर विश्वास का ठेवावा? म्हणून आम्ही रस्ता मोजला. सायकलच्या चाकावर खडूची खूण केली, चाकाचा घेर टेपने मोजला, २०७ सेंटिमीटर. मग फाटकापासून पुलापर्यंत सायकल हाताने ढकलत फेरे मोजले. १२७ भरले. गुणाकार केला तर जवळजवळ २६३ मीटर! आलेख कागदावरच्या चौकोनांतून काढलेलं उत्तर आणि धुळीतून ढकललेली सायकल यांत फक्त दोन मीटरचा फरक, आणि तोही समजण्यासारखा, कारण स्कूटरचा काटा सहसा किंचित जास्तच दाखवतो. त्या दिवशी मुलांनी तीन वेळा गुणाकार तपासला होता.

इथवर आलं की सूत्रं वेगळी शिकवावी लागत नाहीत, आलेखावरून वाचता येतात. अंतिम वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले काळ, हे त्या सरळ रेषेचं वर्णन आहे. अंतर म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले काळ, अधिक निम्मं त्वरण गुणिले काळाचा वर्ग, हे आयत आणि त्यावर बसलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ. छर्र्यावर ताडून पाहा: त्वरण १०, सहा सेकंद, निम्मं १० गुणिले ३६, उत्तर १८०. आपण मोजलं होतं १८१.

उणे चिन्हापाशी मात्र थांबावं लागतं. 'उणे त्वरण म्हणजे वेग कमी होणं' हे अर्धंच खरं आहे. स्टँडवर एसटी मागे घेतात तेव्हा कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी वाजवतो. पुढची दिशा अधिक धरली तर गाडीचा वेग उणे आहे, आणि ती मागे जाता जाता जोर धरत असेल तर त्वरणही उणे. उणे त्वरण, तरी गाडी जलद होतेय. खूण अशी: वेग आणि त्वरण एकाच चिन्हाचे असले तर वस्तू जलद होते, विरुद्ध चिन्हांचे असले तर मंद.

याचा उत्तम दाखला वर फेकलेला चेंडू. तो ९.८ मीटर प्रति सेकंदाने सुटला असं धरा. एका सेकंदात माथ्यावर, दुसऱ्या सेकंदाअखेर परत हातात. वेगाचा आलेख ९.८ पासून उणे ९.८ पर्यंत जाणारी एकच अखंड सरळ रेषा, मध्ये शून्याला छेदणारी. 'माथ्यावर त्वरण किती?' या प्रश्नाला दरवर्षी उत्तर येतं, शून्य. मग मी म्हणते, रेषेचा चढ त्या बिंदूपाशी बदललाय का? नाही. त्वरण तिथेही ९.८ च आहे, खालच्या दिशेने. ते शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकला असता. अक्षाच्या वरचं क्षेत्रफळ ४.९ मीटर, खालचं उणे ४.९. बेरीज शून्य, म्हणून विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटी वस्तू किती दूर आहे ते, शून्य. चिन्ह सोडून बेरीज ९.८, ते अंतर. विस्थापन आणि अंतर यांतला फरक याहून स्वच्छ मला कुठे दाखवता आलेला नाही.

शेवटच्या तासाला आम्ही बाकं सरकवतो. फरशीवर खडूने दर पावलाला एक खूण करते, फळ्यावर अंतर-काळ आलेख काढते, आणि एकाने टाळ्यांच्या ठेक्यावर तो आलेख चालून दाखवायचा. सरळ चढती रेषा सगळ्यांना जमते. आडव्या रेषेला उभं राहायचं हे कळतं. उतरत्या रेषेला पाठमोरं मागे यायचं, इथे दोन-चार जण अडखळतात. वक्ररेषेला पावलं हळूहळू लांब करत जावी लागतात, आणि ती करताना त्वरण त्यांच्या पायांत उतरतं. घरी व्हरांड्यातसुद्धा हे करता येतं. आई-वडिलांनी चालायचं आणि मुलाने आलेख काढायचा, मग उलट.

सगळ्यांचं झालं की मी एक आलेख काढते: दोन सेकंद आडवी रेषा, मग एकदम सरळ उभी, मग पुन्हा आडवी. यंदा एक लाजरा मुलगा पुढे आला. दोन टाळ्या तो उभा राहिला. तिसऱ्या टाळीला त्याने पाऊल उचललं, ते तसंच हवेत राहिलं, फळ्याकडे पाहिलं, खाली खुणांकडे पाहिलं, आणि पाऊल परत मागे घेतलं.

"बाई," तो म्हणाला, "हा चालता येणार नाही. एकाच टाळीला मला इथंपण असावं लागतंय आणि तिथंपण."

मी खडू त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, चालता येईल असा करून दाखव. त्याने उभी रेषा पुसली आणि जरा तिरकी काढली.